आधी टाकायला शिका

३ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर मागच्यांना कळायला हवं की ही बाई पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या पायांनी त्या तळघरात उतरली होती. वय एकोणपन्नास, धंदा काचा आणि आरशांचा, आजवर एकही हाड मोडलेलं नाही. हे शेवटचं मुद्दाम नमूद करते, कारण यापुढे ते खरं राहील याची मला मुळीच खात्री नाही.

मी वजनं उचलायला शिकणार आहे.

कारण असं. दुकानात मोठ्या काचा उचलायचं काम ह्यांचं आणि आमच्या जुन्या कामगाराचं. मी कापायची, कडा घासायची, चौकटीत बसवायची. नोव्हेंबरात एक मोठा आरसा कामगाराच्या हातून निसटला आणि ह्यांनी तो एकट्याने धरून ठेवला. आरशाला ओरखडाही आला नाही. ह्यांच्या पाठीतून मात्र कट् असा आवाज आला. तो मला लांब टेबलापाशी ऐकू आला होता आणि अजूनही अधूनमधून येतो. हे महिनाभर आडवे होते. कामगाराने धसका घेऊन दुसरीकडे नोकरी धरली. नवा माणूस ठेवू म्हटलं तर हे म्हणतात, परक्याच्या हाती मोठी काच द्यायची नाही. स्वतः उचलणार नाहीत, कारण पाठ. मोठी कामं आल्या पावली परत जातात.

शेजारच्या लोखंडवाल्यांचा आमच्या गाळ्यावर कधीपासून डोळा आहे, आणि ह्यांनी त्यांना मार्चअखेर सांगतो म्हणून शब्द दिलाय. "ज्याला काच उचलवत नाही त्याने काचेचं दुकान कशाला ठेवायचं?" असं मला म्हणाले, तेही भिंतीकडे बघत.

मला ते दुकान हवंय. नवी नवरी होते तेव्हापासून मी तिथे उभी आहे, सासऱ्यांच्या हाताखाली काच कापायला शिकले. दुसरीकडे कुठे मी इतकी शहाणी वाटत नाही. म्हणून बोलून गेले, तुम्हाला उचलवत नसेल तर मी उचलते. बोलताना फार भारी वाटलं. परवापासून जायचंय.

५ फेब्रुवारी

जिवंत आहे.

जागा म्हणजे फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर. खाली जाड काळं रबर, भिंतीला लोखंडी मांडण्या, आणि कोपऱ्यात एक कुंडीतलं झाड, ज्याला ऊन कुठून मिळतं देव जाणे. शिकवणारी बाई असेल पस्तिशीची, माझ्यापेक्षा बारीक. मनातल्या मनात मी तिचं नाव मास्तरीण ठेवलंय. मी तिला आधीच सगळं विचारून घेतलं. मणका सरकला तर लगेच कळतं का, गुडघ्याची वाटी निसटली तर ती आपली आपल्याला बसवता येते का, आणि तळघरातून वर न्यायला स्ट्रेचर त्या जिन्यात वळतं का. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, आधी टाकायला शिका," ती म्हणाली. "उचलायचं मग बघू."

"टाकायला म्हणजे?"

"बार घ्यायचा, उभं राहायचं आणि द्यायचा सोडून. चकत्या रबरी आहेत, खाली रबर आहे, काही फुटत नाही. ज्याला वेळेवर सोडता येतं त्याची पाठ सहसा शाबूत राहते. धरून बसतात तेच माझ्याकडे रडत येतात."

मी बार उचलला. उभी राहिले. आणि खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. चकत्या रबराला टेकल्या त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तळघरातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तिथे म्हणे आवाज झाला तर कुणी बघत नाही.

माझ्यासोबत एक दाताचे डॉक्टर शिकतात, तेही नवखे, बोटांना तळहातावरच्या फोडासारखं जपणारे. ते म्हणाले, "वहिनी, बार गेला कुठे?"

आता डॉक्टरांना काय सांगू. सासरे म्हणायचे, काच अशी ठेवायची की टेबलालाही कळता कामा नये. तीस वर्षं मी टेबलाला कळू दिलेलं नाही.

७ फेब्रुवारी

आजही टाकता आला नाही. मास्तरीण शेजारी उभी राहून "सोडा, सोडा, सोडा" म्हणते आणि मी बाळाला पाळण्यात घालावं तसा बार निजवते. सगळं तळघर माझ्याभोवती धडाधड आपटत असतं. दाताचे डॉक्टर तर उचलण्याआधी एक, टाकताना एक अशा दोन आरोळ्या ठोकतात.

घरी आले तर गॅसचा सिलिंडर बदललेला. सकाळीच संपला होता आणि भरलेला बाहेर गॅलरीत उभा होता. सासूबाईंना विचारलं, कुणाकडून लावून घेतलात? त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "लागला आपोआप." बहुतेक वरच्या मजल्यावरच्या पोराला बोलावलं असेल. एवढ्याशा मदतीसाठी लोकांना हाका माराव्या लागतात याचं वाईट वाटलं. हे बिचारे खुर्चीत पाठीला उशी लावून बसले होते.

१५ फेब्रुवारी

आज बारला दोन्ही बाजूंनी चकत्या वाढवल्या आणि मी तो जमिनीवरून खांद्यापर्यंत नेला. मी. खांद्यापर्यंत. आरशात स्वतःला बघितलं तर तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, आणि एखादी मोठी चोरी पचल्यासारखं हसू. जन्मभर आरसे विकले, पण आरशात बघून इतका आनंद आजवर झाला नव्हता. घरी येताना रस्त्यात उगाचच माणसांकडे बघत होते, ह्याला उचलता येईल, हिला उचलता येईल, हा जरा जड जाईल.

भीती गेली असं नाही. उचलायच्या आधी रोज तो कट् आवाज कानात येतो आणि माझी पाचावर धारण बसते. मग मी डोळे मिटते, मास्तरीण म्हणते डोळे उघडा, मी उघडते आणि उचलते. भीती तिथेच शेजारी उभी असते. तिला काही काम नसतं, एवढंच.

रात्री जेवताना ह्यांना खांद्यापर्यंतचं सांगितलं. हे म्हणाले, "जप." ताटातलं तसंच टाकून उठले. पाठ ठणकत असावी.

सासूबाई मला म्हणाल्या, "त्याच्या पाठीला काही झालेलं नाही आता. दुसरंच काहीतरी धरलंय."

म्हणजे मान असणार. उद्या गरम पाण्याची पिशवी काढते.

२३ फेब्रुवारी

पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

झालं. ज्याची भीती होती तेच झालं. आज जरा जास्त वजन घेतलं होतं. बार पोटापर्यंत आला आणि तिथेच अडून बसला, वर जाईना. मास्तरीण ओरडली, "सोडा." मी सोडला नाही. हात उघडलेच नाहीत. कमरेतून वाकून, बाजूला वळून, अगदी अलगद तो खाली नेला. आवाज शून्य. मास्तरीण कपाळावर हात मारून घेत होती.

तिथे काही वाटलं नाही. घरी येऊन चप्पल काढायला वाकले आणि पाठ जी धरली ती धरलीच. पॅसेजमध्ये फरशीवर बसकण मारली, ना वर ना खाली. ओरडायचं नव्हतं, तरी ओरडले. हे धावत आले. खरंच धावत. मला दोन्ही हातांवर उचललं, आतल्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवलं आणि पांघरूण घातलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं थांबले, कमरेवर हात ठेवला आणि "आई गं" म्हणून भिंतीला धरून उभे राहिले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोसाठी माणूस स्वतःचं दुखणं विसरतो ते असं.

२५ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, स्नायू आखडलाय, मणक्याला काही नाही, दोन-चार दिवसांत घोड्यासारख्या पळाल. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्हाला तर जानेवारीतच मोकळं सोडलं होतं ना मी?" हे खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर फारच तरुण आहेत. एवढ्याशा वयात त्यांना पाठीतलं काय कळणार.

आम्ही दोघं शेजारी शेजारी आडवे. सासूबाई दोघांना चहा आणून देतात आणि म्हणतात, "घ्या, आता मीच उचलते दुकान." हे खूप दिवसांनी हसले. किती प्रेमाने वागताहेत म्हणून सांगू. माझे केस विंचरून दिले, पेपर वाचून दाखवला. म्हणाले, "बघितलंस ना? आपल्यासारख्यांचं कामच नाही ते. आता राहू दे. लोखंडवाल्यांना कळवून टाकू या का?"

एवढ्या मायेने विचारल्यावर माणूस नाही कसं म्हणणार. मी बरं म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी बाहेरून कशासाठी तरी हाक मारली आणि ते राहिलं.

२८ फेब्रुवारी

उठून बसते, चालते. मास्तरीण भेटायला आली. मला वाटलं, सॉरी म्हणेल. ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "ताई, वजनाने तुम्हाला काही केलं नाही. तुम्ही ते खाली ठेवायला गेलात तेव्हा झालं. तुमच्या भीतीनेच तुमची पाठ धरली."

मला राग आला. भीती आहे म्हणून तर मी सांभाळून ठेवलं.

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली, आणि चहा पिऊन गेली.

ती गेल्यावर बराच वेळ विचार करत पडून राहिले. नोव्हेंबरात हे तो आरसा सोडते तर काय झालं असतं? आरसा फुटला असता. बास. आरसे फुटतात, आम्ही ते बनवतो, आमच्याकडे खूप आहेत. पाठ एकच होती. हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारी झोपलेल्या ह्यांनी कूस बदलली.

४ मार्च

टाकला.

टाकला, टाकला, टाकला. बार खांद्यापर्यंत नेला, मास्तरणीने मान हलवली, मी बोटं उघडली आणि एक पाऊल मागे गेले. धाडकन असा आवाज झाला की छातीत ढोल वाजल्यासारखं झालं. बार दोनदा उसळला आणि गप्प पडला. मी हसायला लागले. थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि म्हटलं, परत. मग परत टाकला. मग दाताच्या डॉक्टरांनी टाकला. मग आम्ही दोघांनी एकदम टाकला, तेव्हा वरच्या फर्निचरवाल्याने पायाने जमीन ठोकली.

मला काही झालं नाही. हात, पाय, मणका, वाट्या, सगळं जागच्या जागी.

दुकानात जाऊन कापलेल्या काचेचा एक टाकाऊ तुकडा घेतला, कचऱ्याच्या पिंपावर धरला आणि सोडला. छान वाजला. अजून एक सोडला. तिसऱ्याला लोखंडवाले दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, सगळं ठीक ना? मार्चअखेरचं लक्षात आहे ना दादांच्या?"

"असेल," मी म्हटलं आणि चौथा सोडला.

१० मार्च

घरात आता काही उचलायचं शिल्लक नाही. बादल्या झाल्या, धान्याचा डबा झाला, कपाट हलवून मागचा दहा वर्षांचा कचरा काढला. आज सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मी त्यांना खुर्चीसकट उचललं.

"खाली ठेव," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थांब. तशीच जरा खिडकीपाशी ने. समोरच्यांनी नवीन पडदे लावलेत म्हणे."

त्यांना पडदे दाखवून आणलं. पसंत पडले नाहीत. आम्ही दोघी इतक्या हसलो की हे आतून बघायला आले. दारातच उभे राहिले. चेहरा असा की आमच्यात यावं की येऊ नये कळत नाही. मी म्हटलं, "तुम्हालाही उचलू का?" तर तिथून निघून गेले. माणसाला पाठीमुळे चेष्टाही सहन होत नाही.

आणखी एक. ह्यांच्या खुर्चीवरचा बल्ब कालपर्यंत गेलेला होता, आज लागतोय. स्टुलावर चढावं लागतं त्याला. वरच्या मजल्यावरच्या पोराला काहीतरी खाऊ द्यायला हवा.

२२ मार्च

आज ज्या वजनाला फेब्रुवारीत पाठ धरली होती तेच वजन घेतलं. पोटापर्यंत आलं, अडलं, मी सोडलं, मागे झाले. धाडकन. दुसऱ्यांदा परत अडलं, परत सोडलं. तिसऱ्यांदा खांद्यावर गेलं. पडतं ते उचलताही येतं, हे माझ्या टाळक्यात आता उजेड पडल्यासारखं शिरलंय.

केस कापायच्या दुकानाचा एक मोठा आरसा करायचाय, सहा फूट बाय चार. ऑर्डर मी ह्यांना न विचारता घेतली. मोठी काच परवा येते, कडा मी घासते. उचलायला एक बाजू माझी, दुसऱ्या बाजूला दाताच्या डॉक्टरांना बोलावलंय. ते दवाखाना बंद करून येणार आहेत. आरोळी नको म्हणून बजावलंय.

ह्यांना सांगितलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "तो माणूस काच धरणार? आमच्या दुकानात?"

मी म्हटलं, मग कोण धरणार?

तीस तारखेला लोखंडवाल्यांना होकार द्यायचाय, एवढं सांगून पाठ फिरवून बसले.

२८ मार्च

बरगड्या अजून दुखताहेत. भीतीने नव्हे, हसून हसून.

आरसा तयार होता. गाडी मागच्या दाराशी उभी होती. दाताच्या डॉक्टरांचा फोन आला, कुणाची तरी दाढ ठणकतेय, पोचायला उशीर होईल. गाडीवाला घाई करत होता. मी आपली माझ्या बाजूला जाऊन उभी राहिले, हातमोजे घातले, आणि नुसतीच उभी राहिले. एकटीने उचलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, तेवढं मला कळतं.

तेवढ्यात हे आत आले. घरून कधी निघाले, पाठीला झेपलं कसं, काही विचारायला सुचलंच नाही. मोठ्या काचांच्या मांडणीपाशी नोव्हेंबरपासून हे फिरकले नव्हते. आज आले आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. चेहरा पांढराफटक. हातमोजे घालायचंही राहिलं. "घे," म्हणाले.

उचलला. दोघांनी, बरोबर. इतक्या वर्षांत मी ह्यांच्यासमोर काचेच्या दुसऱ्या टोकाला कधी उभी नव्हते. आरशामुळे मला हे दिसत नव्हते, फक्त बोटं दिसत होती. आणि दाराशी आल्यावर मला ती बोटं सरकताना दिसली. घाम आला होता त्यांना. आरसा ह्यांच्या बाजूने खाली जायला लागला आणि ह्यांनी अंग त्याच्याखाली घातलं, अगदी नोव्हेंबरात घातलं होतं तसं.

"सोडा," मी म्हटलं.

"अगं, पण..."

"अहो, सोडा म्हणते ना. मी सोडतेय. मागे व्हा."

आणि आम्ही सोडला. दोघं एकदम मागे झालो. सहा फूट बाय चार फूट असा तो खाली गेला आणि त्याचं जे काय झालं ते झालं. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. गाडीवाला गाडीमागे लपला. पलीकडून लोखंडवाले पळत आले.

हे दोन्ही हात हवेत धरून उभे होते, वाट बघत. मीही वाट बघत होते. तो कट् आवाज येईल म्हणून. काही आलं नाही. ह्यांनी मान फिरवली, कंबर फिरवली, खाली वाकले, वर आले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. आधी नुसतेच, मग पोट धरून, मग पायरीवर बसून, आणि मग हसता हसता रडायला लागले. हमसून. मी शेजारी जाऊन बसले. ह्यांचा हात हातात घेतला. घामाने ओला, पण कुठेही कापलेलं नव्हतं.

"फुटला," हे म्हणाले.

"फुटला," मी म्हटलं.

"झालं काहीच नाही गं."

लोखंडवाल्यांनी विचारलं, दादा, लागलं का कुठे? ह्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "नाही हो. आणि ते आपलं तीस तारखेचं, ते राहू दे. गाळा द्यायचा नाहीये." आणि मी उठायच्या आत हेच झाडू घेऊन काचा गोळा करायला लागले.

२९ मार्च

केसवाल्यांना सांगितलं, आरसा सोमवारी मिळेल. ते म्हणाले, चालेल.

ह्यांची पाठ काल एकाएकी बरी झाली. इतके महिने औषधं, शेक, उशा, आणि बरी झाली ती एका आवाजाने. डॉक्टरांना सांगायलाच हवं, त्यांच्या इतर पेशंटांनाही उपयोग होईल. सासूबाईंना म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हो बाई, सांग हो त्यांना."

आज सकाळी हे माझ्याआधी दुकानात गेले. मी पोचले तेव्हा नवी मोठी काच टेबलाशेजारी उभी केलेली होती आणि हे एका टोकाला हातमोजे घालून थांबले होते. दुसरे हातमोजे त्यांनी माझ्या बाजूला ठेवले होते.